रहिमुन्निसाची आंघोळ

कुंभार पिंपळगावात मुसलमानाघरची बाई किंवा पोर वारली, की तिला शेवटची आंघोळ घालायला रहिमुन्निसाच जायची. चाळीस वर्षांत तिने त्या घरांतला चहासुद्धा घेतला नाही.

ती स्वतः वारली, तेव्हा भाची आसिफा कापूर आणि पाण्याची बादली घेऊन आली. दार लोटलं आणि थबकली. खालाचे केस ओले होते, नखं स्वच्छ होती, अंगाला कापराचा मंद वास येत होता.

"गिरिजामावशी, खालाला आंघोळ कुणी घातली?"

उंबऱ्यापाशी बसलेली शेजारीण गिरिजाबाई म्हणाली, "कुणी न्हाई गं. पहाटपासून मी इथंच बसून राह्यले. माशीबी आत गेली न्हाई."

आसिफाने खाली पाहिलं. फरशीभर ओली पावलं उमटली होती, म्हाताऱ्यांची, लेकुरवाळ्यांची, लहान पोरींची. सगळी आत आलेली. बाहेर गेलेलं एकही नव्हतं.