अब्बांचा झणकार

"हेडफोन द्या की ताई," मुबीन म्हणाला आणि संग्रहालयातल्या सुनेत्राने तो नाइलाजाने पुढे केला.

तंबोऱ्याच्या तारांखालची घोडी घासून तारेला झणकार कसा आणायचा, ते त्याच्या अब्बांनी मरणाआधी संग्रहालयाने घेतलेल्या मुलाखतीत वाजवून दाखवलं होतं. फाइल कायमची जपायची होती. पण जागा वाचवायला सुनेत्राने आवाज दाबून लहान एमपीथ्रीत काढला आणि मूळ मेमरी कार्ड पुसलं. आज सकाळी ऐकलं, तर झणकार गायब. तार नुसती बोथट वाजत होती.

मुबीन डोळे मिटून ऐकत होता. आता ओळखेल, म्हणून ती त्याच्या चेहऱ्याकडे बघत राहिली.

त्याने डोळे पुसले. "मीच झणकार जास्त ठेवत होतो बघा. अब्बांचं हे असं होतं."

मग गवसणीतून अब्बांचा अर्धवट राहिलेला तंबोरा काढून त्याने घोडीवर कानस टेकवली.