उरलेला युरिया

चारोटीच्या नाक्यावर मी चहा पीत थापा मारतो आणि ड्रायव्हर गाड्या थांबवून ऐकतात. माझ्या जुन्या ट्रकने एकदा अख्खी विहीर ओढून शेतात आणली, हेही त्यांनी ऐकून घेतलंय. त्या दिवशी गंजाडचा हिरू चिकू भरलेला नवाकोरा ट्रक घेऊन पहिल्यांदाच दिल्लीला निघाला होता. "बाबा, युरियाचा दिवा लागलाय. काय करू?" नव्या गाड्यांत धूर साफ करायला वेगळ्या टाकीत तयार द्रावण घालतात, त्यालाच ड्रायव्हर युरिया म्हणतात. मी मिशीतल्या मिशीत हसलो. "समोर खताचं दुकान आहे. एक गोण घे, बादलीत कालव नि ओत. मी तेवढ्यावर काश्मीर गाठलं होतं!" सगळे खदखदले. हिरूही हसला, म्हणून मला वाटलं, कळलं त्याला. पण त्याने खरंच खताचा युरिया कालवून टाकीत ओतला. तलासरी ओलांडायच्या आत नळीत खडे धरले, ट्रक बैलगाडीच्या चालीवर आला आणि मग उभाच राहिला. दोन दिवसांत चिकू आंबले, मालकाने हिरूकडून चावी काढून घेतली. आठवड्याने तो खांद्यावर अर्धी गोण घेऊन माझ्या दारात उभा. शिव्या खायच्या तयारीने मी मान खाली घातली. "बाबा, उरलाय हा. तुमच्या भाताला घाला," म्हणाला आणि गेला. यंदा माझं शेत सगळ्यांत हिरवं आहे. "काय घातलंत, बाबा?" येणारेजाणारे विचारतात. आयुष्यात पहिल्यांदाच मला थाप सुचत नाही.