लुकलुक

वीणा खुर्चीवरून कोसळली तेव्हा तिच्यासमोरचा पडदा अजून लुकलुकत होता. तिचे हातपाय ताठ झाले, दातखीळ बसली. कोणीतरी मॉनिटरची वायर उपटली.

ते २००६ साल होतं. नॉइडातल्या त्या कंपनीत एका कॉम्प्युटरच्या आत दुसरा कॉम्प्युटर चालवणारं सॉफ्टवेअर बनत असे. वीणा ते तपासायची. आतल्या कॉम्प्युटरचा पडदा लुकलुकतो, डोकं गरगरतं, असं तिने तीनदा लेखी कळवलं होतं. तो भाग पुण्याहून आलेल्या साकेतने लिहिला होता. त्याच्या नव्या, चपट्या मॉनिटरवर ही लुकलुक दिसत नव्हती. तपासणाऱ्यांना मात्र जुने, अवजड मॉनिटर दिले होते. तिन्ही वेळा 'दोष आढळला नाही' असा शेरा मारून त्याने तक्रार बंद केली.

फिट येण्याची प्रवृत्ती मुळात असावी, अशा लुकलुकीने ती उफाळली, असं डॉक्टर म्हणाले. कंपनीने आजार लपवल्याचा ठपका ठेवून वीणाला काढून टाकलं.

त्यानंतर साकेत पहिल्यांदा तिच्या जागेवर बसला. दहा मिनिटांत त्याचे डोळे चुरचुरू लागले. मॉनिटर सेकंदाला किती वेळा चित्र नव्याने काढतो, हे त्याचा प्रोग्रॅम विचारतच नव्हता. साकेतच्या मॉनिटरसारखं साठ वेळा, असं धरून चालला होता. मॉनिटरचा वेग वेगळा असला की मेळ तुटायचा. साकेतने अकरा ओळी बदलल्या. पडदा स्थिर झाला.

रविवारी तो फरीदाबादला तिच्या घरी गेला. तिचे वडील दीनानाथ यांनी पाणी दिलं आणि ते समोर बसले. साकेतने टाइप केलेला कागद वीणापुढे ठेवला. यात सगळं खरं लिहिलंय, हे कंपनीला दाखवा, असं तो म्हणाला.

वीणाने सावकाश वाचलं. औषधांनी तिचे डोळे जड झाले होते. एका ओळीवर तिचं बोट थांबलं.

"'तक्रार तीनदा बंद करण्यात आली.' कोणी केली, ते नाही लिहिलंस."

आता दुरुस्ती झाली आहे, यापुढे कोणाला त्रास होणार नाही, असं साकेत पुटपुटला.

"पडदा दुरुस्त झालाय," वीणा म्हणाली.

साकेतने पेन काढलं, ते वाक्य खोडलं आणि वर लिहिलं, 'मी बंद केली.' खाली सही केली.

महिनाभराने कंपनीचं पत्र आलं. वीणावरचा ठपका मागे घेतला होता. नोकरी परत दिली नव्हती. तोवर साकेतच्या खुर्चीवर दुसरं कोणी बसू लागलं होतं.