आमरीची शुश्रूषा

"बाई, मेलेल्या झाडासाठी प्रार्थना चालते का?"

ग्लॅडिसनं विचारलं आणि शिरूरच्या बोर्डिंगमधल्या बत्तीस मुलींचे मिटलेले डोळे एकदम उघडले. पैज दोन पेरूंची होती. संध्याकाळच्या प्रार्थनेत, आमेनच्या आधी, उभं राहून विचारायचं. पुटपुटलेलं धरणार नाही, असं मैत्रिणींनी बजावलं होतं. ग्लॅडिस पुटपुटणार कशाला? गेल्या वर्षापर्यंत फळ्यापाशी जायलासुद्धा ती टाळाटाळ करायची. अकरावीत, म्हणजे मॅट्रिकच्या वर्गात, आल्यावर तिला आपला आवाज सापडला होता, आणि तो वापरायची एकही संधी ती वाया जाऊ देत नव्हती.

बोर्डिंगच्या सुपरिंटेंडेंट कृपाबाई रागावल्या नाहीत. त्यांनी फक्त खिडकीकडे पाहिलं. तिथं लाकडी टोपलीत आमरी, म्हणजे ऑर्किड, टांगलेली होती. मायदेशी परतलेल्या मिशनच्या गोऱ्या मिसबाईंनी जाताना ती त्यांच्या हवाली केली, त्याला सहा वर्षं झाली. दर हिवाळ्यात तिची पानं पिवळी पडायची आणि गळायची. दर हिवाळ्यात कृपाबाई पदर खोचून तिच्या सेवेला लागायच्या. दोन वेळा पाणी, आठवड्याला अंड्याच्या टरफलांचा काढा, गारठा वाढला की स्वतःची शाल. पावसाळ्यात पानं परत यायची, एवढंच. फूल म्हणून कधी आलं नाही. यंदा तर शेवटचं पानही गेलं आणि टोपलीत नुसत्या सुकट कांड्या उरल्या, म्हणून ही प्रार्थना.

"मेलंय ना तुझ्या लेखी? मग सुट्टीत तूच ने ते दौंडला, तुझ्या घरी," कृपाबाई म्हणाल्या. "जगवलंस तर नर्सिंगसाठी शिफारसपत्र देईन. मेलं तर माझ्यापुढं मागायला उभी राहू नकोस."

मुली चुकचुकल्या. ग्लॅडिसनं मान खाली घातली, कारण तोंडावरचं हसू कुठंतरी लपवणं भाग होतं.

तिला नर्स व्हायचंच नव्हतं. पण तिला कुणी विचारलं नव्हतं. आई प्रेमाबाई दवाखान्यात नर्स, मावशी नर्स, आत्या नर्स. ग्लॅडिस पाळण्यात होती तेव्हापासून तिचंही ठरलेलं. तिला जायचं होतं पुण्याच्या कॉलेजात. वडील नथानिएल रेल्वेत गार्ड होते, घरात पास होता, सकाळच्या गाडीनं जाऊन संध्याकाळी परत येता आलं असतं. पण नर्सिंगच्या शाळेनं घ्यायला तयार व्हावं आणि हिनं नको म्हणावं, हे त्या घरात बसणारं नव्हतं. शिफारसपत्रच मिळालं नाही, तर मात्र कुणाचा इलाज चालला नसता. आणि पत्र मिळणं-न मिळणं आता एका मरायला टेकलेल्या झाडावर आलं होतं.

नाताळात बोर्डिंग रिकामं झालं. अकरावीच्या मुलींनी परीक्षेपर्यंत घरीच अभ्यास करायचा होता. दौंडला क्वार्टरमध्ये शिरताच ग्लॅडिसनं जाहीर केलं, की बाईंनी झाड तिच्या एकटीवर सोपवलंय, दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही. लेकीला सेवेची एवढी ओढ लागलेली पाहून प्रेमाबाईंना भरून आलं.

मग ग्लॅडिसनं आमरी मागच्या अंगणात कोळशाच्या खोलीच्या खिळ्याला अडकवली आणि भूमिती उघडली. दिवसभर ऊन, रात्रभर कडाक्याचा गारठा. पाणी थेंबभर नाही. जानेवारी असा गेला.

फेब्रुवारीत एका सकाळी त्या सुकट कांड्यांच्या पेरापेरावर ज्वारीच्या दाण्याएवढे फुगवटे दिसले. रेल्वेच्या साहेबांच्या बंगल्यावरचा माळी मल्हारीमामा कुंपणापलीकडून चालला होता. तिनं त्याला बोलावून दाखवलं.

"कळ्या हायत्या पोरी," तो म्हणाला. "हे झाड थंडीत पानं टाकून निजतंय. तवा पाणी घातलं की त्याची झोप मोडती, मग फूल कुठलं? तू दिलं न्हाईस, ब्येस केलंस. कुनी शिकिवलं तुला?"

कुणी शिकवलं नव्हतं. पंधरा दिवसांत कांड्या जांभळ्या-पांढऱ्या फुलांनी लगडून गेल्या. एक पान नाही, नुसती फुलं. नेमक्या तेव्हाच कृपाबाई चर्चच्या कामाला दौंडला आल्या. अंगणात पाऊल टाकलं आणि त्या जागच्या जागी थबकल्या. मग चष्मा काढून बराच वेळ पुसत राहिल्या.

ग्लॅडिसला राहवलं नाही. तिनं सगळं खरं सांगून टाकलं: पाणी घातलं नाही, आत घेतलं नाही, मरावं म्हणूनच इथं टांगलं होतं. कृपाबाईंनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. एवढं करून श्रेय नाकारते, असा विनय मोठमोठ्यांना जमत नाही, असं त्या प्रेमाबाईंना म्हणाल्या, आणि नथानिएलांच्या टेबलाशी बसून त्यांनी शिफारसपत्र लिहिलं. ही मुलगी ज्याला हात लावील ते बरं होईल, असं त्यात होतं. पुन्हा पुन्हा तिचे आभार मानत, मांडीवर टोपली घेऊन त्या शिरूरच्या एसटीत बसल्या.

नथानिएलांनी पत्र जपून बायबलात ठेवलं. प्रेमाबाई पांढऱ्या साड्या किती लागतील ते बोलू लागल्या.

"पपा, आई, माझं ठरलंय," ग्लॅडिस म्हणाली. "मी पुण्याला कॉलेजात जाणार. मला डॉक्टर व्हायचंय."

नथानिएलांनी चमकून वर पाहिलं. हे एकाएकी कुठून काढलंस, कशाच्या जोरावर, असं त्यांनी विचारलं.

"मी पेशंटला हात लावला नाही, तो आपला आपण बरा झाला, आणि आभार सगळ्यांनी माझे मानले," ग्लॅडिस म्हणाली. "नर्सच्या वाट्याला असं कधी येतं का, आई?"