ओल्या वाळूवरचा सरडा

केतकीने तांब्याभर पाणी वाळूवर ओतलं. वीतभर लांबीचा काटेरी सरडा त्या ओलीवर येऊन निवांत उभा राहिला. साताऱ्याहून आलेली शरयूमावशी उकिडवी बसून बघत होती.

"तोंड तर लावत नाहीये. मग पितो कसा गं?"

"पायांनी. कातडीत बारीक खाचा असतात. ओल लागली की पाणी आपोआप वर चढून तोंडापर्यंत जातं. ऑस्ट्रेलियाच्या या वाळवंटात हा असाच जगतो. आता आम्हीही."

केतकीने चपला काढल्या आणि ती सरड्याशेजारी उभी राहिली. इथे कामाला येणाऱ्या प्रत्येकाला तशीच कातडी बसवून घ्यावी लागे. तिच्या पोटरीवरून पाण्याची बारीक चकाकी वर सरकत गेली.

"पाणी तोंडात पोचलं हे कळतं कसं?"

"त्याचा जबडा बघ, हलतोय ना? तेवढीच खूण."

मावशीने तिच्या गालाला बोट लावलं. "इथेही हीच कातडी?"

"हो. गालावर थेंबसुद्धा ठरत नाही."

मावशीचं बोट तिथेच थांबलं. दीड वर्षापूर्वी केतकीची आई गेली, तेव्हा तिला नेईपर्यंत ही पोर इथूनच व्हिडिओ कॉलवर बसून होती. गाल कोरडे ठणठणीत, आणि तोंड मात्र सारखं हलत होतं.

"आई गेली अन् ही बया काहीतरी चघळत बसलीय," असं चारचौघांत म्हणाली होती ती शरयूमावशीच.