मंगळवार, गुरुवार, शनिवार

“पुन्हा?” गॅरेजवाल्या ड्वेनने फोनवर एवढंच विचारलं.

“पुन्हा,” नेल्डा म्हणाली. “टोचन घेऊन ये.”

रँचवर मोबाइलला रेंज नव्हती, त्यामुळे दर वेळी आत येऊन फोन लावावा लागे. फोन ठेवून ती अंगणात आली. एकोणीस वर्षांची ती धिप्पाड एसयूव्ही बॉनेट उघडून उभी होती आणि नेल्डाचा नवरा हॉलिस काठीवर रेलून इंजिनात डोकावत होता. लांब जायचं तर निघण्याआधी तेल-पाणी बघायचं, हा त्याचा चाळीस वर्षांचा नेम. किडन्या गेल्या, पण नेम सुटला नव्हता.

“दोन लाख चाळीस हजार मैल झालेत, नेल्डा,” तो म्हणाला. “तिला आता विश्रांती हवीय.”

“विश्रांती तिला मिळेल. तुझं काय?”

तो हसला. त्याच्या दंडावरची शीर सुयांनी दोरखंडासारखी फुगली होती. मंगळवार, गुरुवार, शनिवार अमरिलोला डायलिसिस. जाऊन-येऊन एकशेऐंशी मैल. या महिन्यात चार खाडे झाले होते आणि लागोपाठ चार झाले तर हृदयाला झेपणार नाही, असं डॉक्टरीणबाईंनी नेल्डाला बाजूला घेऊन स्पष्ट सांगितलं होतं. काउंटीची व्हॅन मातीच्या रस्त्यावर येत नव्हती. पाद्रीबुवांनी दोनदा गाडी पाठवली, ती हॉलिसने दारातूनच परत फिरवली. आयुष्यात कुणाचे उपकार घेतले नाहीत, आता घेणार नाही, म्हणे. नेल्डाला त्याचा असा राग आला होता की दिवसभर ती त्याच्याशी बोलली नव्हती.

ड्वेनच्या गॅरेजात गाडी पहिल्याच सेलला सुरू झाली. नेहमीसारखीच.

नेल्डाचा संयम सुटला. “तुझ्या बापाने आम्हाला कधी फसवलं नाही, ड्वेन.”

ड्वेनने हात पुसायचा बोळा खाली ठेवला. “मिस नेल्डा, हे बघा. पेट्रोलचा पंप बदलला, नऊशे डॉलर. त्याची वायर बदलली, तीनशे. बॅटरी नवी. आता फक्त हा उरलाय.” त्याने बॉनेटखालच्या काळ्या डबीतून नखाएवढा निळा फ्यूज उपसून तिच्या तळहातावर ठेवला. इंजिन गप्पकन बंद पडलं. “पंपाचा फ्यूज. हाही शाबूत आहे. गाडी इथे आली की शहाण्यासारखी वागते, तर मी दुरुस्त काय करू?”

“रविवारी चर्चलाही नीट जाते.”

“मग देवाला भिते म्हणायची, डॉक्टरांना भीत नाही.” नेल्डा हसली नाही, तेव्हा त्याने आवाज खाली आणला. “या वेळचे पैसे घेत नाही. पण गिअरबॉक्स घसरतोय. हायवेवर कधीही दगा देईल. चौतीसशे लागतील आणि अख्ख्या गाडीचे दोन हजार येणार नाहीत. दुसरी घ्या.”

“दुसरी कशाने घेऊ? चार गायी आहेत. त्यात गिअरबॉक्स बसेल, गाडी नाही बसणार.”

“मिस नेल्डा...”

“कर म्हणते ना.”

तिला इंजिनातलं काही कळत नव्हतं. ड्वेन चोर असेल तर चोर, पण तीस मैलांत दुसरं गॅरेज नव्हतं. शनिवारीही गाडी गॅरेजातच राहिली. पुढच्या मंगळवारीही राहिली. हॉलिसचे पाय बुटात मावेनासे झाले. बुधवारी ड्वेनने स्वतः गाडी आणून दिली. त्याच दुपारी गायी नेणारा ट्रक आला. हॉलिस खिडकीशी उभा राहून शेवटची गाय चढेपर्यंत बघत राहिला.

“माझ्यासाठी हे करायला नको होतंस,” तो म्हणाला.

“मग कुणासाठी करू?”

गुरुवारी सकाळी सहा वाजता हॉलिस तेल बघून आत आला. कोट खुंटीला टांगून धापा टाकत स्वयंपाकघरात टेबलाशी बसला. नेल्डाने नाश्त्याची अंडी काढून ठेवली होती. आज गाडी चालणारच, असं तिने स्वतःला दहा वेळा बजावलं होतं. जाताना स्वच्छ रुमाल द्यावा म्हणून ती कोटाकडे गेली आणि कालचा मळका काढायला तिने खिशात हात घातला.

रुमाल होता. दात कोरायची काडी होती. आणि नखाएवढा निळा फ्यूज होता.

ती खुंटीशी उभी राहिली. मंगळवार, गुरुवार, शनिवार, सगळे तिच्या डोळ्यांपुढून गेले. मघा तो उघड्या बॉनेटपाशी उभा होता, तसाच दर वेळी तिथे उभा असे. ती आत फोन करायला गेली की फ्यूज परत बसवायला एकटाच असे. तिला रडू आलं.

“निघायचं का?” हॉलिसने आतून विचारलं. त्याचा आवाज फार दमलेला होता.

नेल्डाने फ्यूज परत खिशात ठेवला, वर रुमाल ठेवला आणि आत आली.

“मी आत्ताच सेल मारून बघितला,” ती म्हणाली. “चालू होत नाहीये.”

हॉलिस तिच्याकडे बघतच राहिला. “ड्वेनला फोन करतेस?”

“करीन सावकाश. आधी खाऊन घे.”

तिने तव्यावर अंडं फोडलं. गाडीची किल्ली कालपासून घड्याळाखालच्या खिळ्यालाच लटकत होती.