एका मार्काचा प्रश्न

शाळेच्या संदर्भपुस्तकाची प्रुफं तपासताना माझा हात एका ओळीवर अडला. ‘पुरात नदीकाठची वस्ती वाहून गेली, एकही माणूस जिवंत राहिला नाही.’

पेनचं टोपण तीनदा लावलं, तीनदा काढलं. मग पान घेऊन तडक संपादकांच्या टेबलाशी गेले.

“सर, हे साफ चूक आहे. आम्ही सतरा जण वाचलो होतो. मी सहा वर्षांची होते, वडिलांच्या खांद्यावर.”

“असेलही हो. पण आधार काय?”

“मी उभी आहे की तुमच्यासमोर!”

“बाई, आधार पुस्तकाचा लागतो, माणसाचा नाही चालत. आणि तुम्हाला शुद्धलेखन तपासायला ठेवलंय. द्या ते पान पुढे, छपाई खोळंबलीय.”

पुस्तक छापून झालं, वर्षभरात लेकीच्या दप्तरातही आलं. परीक्षेच्या आदल्या संध्याकाळी ती मागेच लागली, “आई, प्रश्न विचार ना!” मी स्वयंपाकघरात येरझारा घालत विचारत राहिले. शेवटचा प्रश्न एका मार्काचा होता.

“पुरातून वस्तीतले किती जण वाचले?”

“एकही नाही!”



“बरोबर,” मी म्हणाले.